काटेवाल्यांचं ॲव्हरेज

आमच्या वरच्या मजल्यावरचे काटेवाले म्हणजे दुकानांतले वजनकाटे दुरुस्त करणारे गृहस्थ. चहात साखर घातली की चमच्याला चिकटलेले दाणेही झटकून घेणार. लग्न केलं नाही. "मुलगी तोलून-मापून घ्यायची होती की काय?" असं मी एकदा विचारलं, तर नुसते हसले.

घरात ते आणि त्यांची थोरली वहिनी. भाऊ तीन वर्षांपूर्वी गेला. मोटारसायकल भावाची, पण त्या दिवशी चालवत होते हे आणि भाऊ मागे. पुढची बस अचानक थांबली, यांचा पाय ब्रेकवर पडायला उशीर झाला. गल्लीत हा विषय कुणी काढत नाही. मीसुद्धा काढत नाही, म्हणजे बघा!

वहिनी औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला. रोज पावणेसातला ती त्याच गाडीवर दिराच्या मागे बसायची, दोघांच्या मध्ये पिशवी ठेवून. दुसऱ्या गावच्या तिच्या भावाने "आमच्याकडे ये" म्हणून घोशा लावला होता. तिने जिन्यातच त्याला फोनवर सुनावलं, "ह्यांची गाडी चालतेय तोवर मी इथेच. ती बंद पडली की बघू, येईन." मी कपडे वाळत घालत होते, म्हणून ऐकलं. काटेवाले वरच्या पायरीवर होते, त्यांनीही ऐकलं.

आणि नेमकं त्याच सुमाराला गाडीचं ॲव्हरेज उतरायला लागलं. लिटरला साठ किलोमीटर जाणारी गाडी पन्नासवर आली, मग चाळीसवर. "म्हातारी प्यायला लागली की समजायचं, दिवस भरले," असं गॅरेजवाला बोलून गेला आणि यांची झोप उडाली.

मग सुरू झालं संशोधन. टाकीची नळी बंद करायची, हँडलला औषधाची शंभर मिलीची बाटली टांगायची, तिच्यातलं पेट्रोल संपून गाडी थांबेपर्यंत चालवायची आणि ढकलत परत यायचं. गल्लीत त्यांचं नाव पडलं 'बाटली'. नव्या भाडेकरूंनी त्याचा भलताच अर्थ घेतला आणि मीही बरेच दिवस तो दुरुस्त केला नाही.

एअर फिल्टर बदलला. प्लग घासला. टायरची हवा, चेन, क्लच सगळं तपासलं. गाडी स्टँडवर लावून मागचं चाक फिरवलं, तर भिंगरीसारखं फिरलं. म्हणजे ब्रेक चिकटत नव्हता. आकडा मात्र हलेना.

गाडी गल्लीतून जाताना मागचा लाल दिवा सारखा पेटलेला दिसायचा. मी म्हटलं, "काय हो, गाडी एवढी लाजते कुणाला?"

"वायर चिकटली असेल," ते म्हणाले आणि बल्बच काढून टाकला.

शेवटी त्यांनी कार्ब्युरेटरचा स्क्रू फिरवून पेट्रोल कमी केलं. ॲव्हरेज सेहेचाळीसवर गेलं. त्या दिवशी ते शीळ घालत जिना चढले. दुसऱ्या दिवशी अजून थोडा फिरवला. इंजिन तापायला लागलं, पण आकडा वाढतोय म्हटल्यावर कोण ऐकतो? दोन महिन्यांनी निळा धूर, मग खडखड. एक दिवस कारखान्याच्या अलीकडेच गाडी बसली. वहिनी उरलेली वाट चालत गेली.

मला बाजारात जायचं होतं, म्हणून मीही त्यांच्याबरोबर गॅरेजपर्यंत गेले. गॅरेजवाल्याने इंजिन उघडलं. "पिस्टन, सिलेंडर, सगळं भाजलंय. पेट्रोलची उपासमार केलीत तुम्ही. आतून कापून दोनदा बोअर केलंय आधीच, आता कापायला सिलेंडरला भिंतच नाही. हिला सोडा, काका."

"पण आधी का उतरलं ॲव्हरेज?"

त्याने मागचं चाक काढलं. ब्रेकचे शू काचेसारखे गुळगुळीत, ड्रम तापून निळा पडलेला. "पाय ब्रेकवर ठेवून चालवता की काय?"

काटेवाले स्टुलावर बसले. म्हणाले, "काटा चुकला की आम्ही आधी दुकानदाराचा अंगठा बघतो, पारड्यावर टेकलाय का ते. आधी अंगठा, मग काटा." आणि उजव्या पायाकडे बघत राहिले. मला त्यांच्या तोंडाकडे बघवेना. ब्रेक दाबला की लागणारा तो लाल दिवा मी रोज पाहिला होता आणि त्याची थट्टा करून मोकळी झाले होते.

संध्याकाळी वहिनीला सांगायला त्यांनी मलाच वर बोलावलं, एकट्याने बोलवेना. वहिनी भांडी पुसत होती.

"पाय माझाच होता," ते म्हणाले. "तीन वर्षं. हल्ली तर जास्तच दाबत होतो."

"माहीत आहे, भावजी. मागे बसून सगळं दिसतं."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलले असते तर तुम्ही पाय काढला असता." तिने पातेलं पालथं घातलं. "तो तिथे असला की मला मागे बसायचा धीर व्हायचा. नाहीतर त्या गाडीवर मी बसले असते का?"

त्यांनी दुसरी गाडी घेण्याचं काढलं. ती नको म्हणाली.

शनिवारी तिचा भाऊ टेम्पो घेऊन आला. ट्रंक, शिलाई मशीन, दोन गाद्या. काटेवाल्यांनी दोर तीनदा ओढून पाहिला. "सांभाळून," एवढंच म्हणाले, तेही ड्रायव्हरला.

अजून पावणेसातला ते इस्त्रीचा शर्ट घालून खाली येतात. काल विचारलं, "कुठे निघालात?"

"कुठे नाही," म्हणाले आणि वर गेले.