लेकीला आणायला पिंपरीला गेलो

संगमनेरहून सकाळच्या एष्टीनं निघालो. पिशवीत एक धोतर, घोंगडी आणि बाजरीचं पीठ. माझी बायको मार्था उन्हाळ्यात गेली. पावसाळ्यात पिंपरीहून निरोप आला की आमच्या एस्तेरचं पहिलं मूल जन्मताच गेलं. मी ठरवलं, पोरीला घरी आणायचं. जिथं मूल पुरलं तिथं कशाला राहायचं?

आणखी एक सांगून टाकतो. मार्था गेल्यापासून मी प्रभूची प्रार्थना पुरी म्हणत नव्हतो. ‘तुझ्या इच्छेप्रमाणे होवो’ इथं आलो की तोंड मिटायचं. त्याच्या इच्छेनं ती गेली, आणि वर मीच ‘होवो’ म्हणू? मी गवंडी माणूस. पोकळ भिंत बांधत नाही, पोकळ बोलत नाही.

चाकणला एष्टीचा टायर फुटला. कंडक्टर म्हणाला, दुपारपर्यंत बसा. मी बसणारा नव्हे. बाजाराबाहेर एक बैलगाडी वखारीतला (साठवणीच्या चाळीतला) कांदा घेऊन पिंपरीच्या निर्वासितांच्या वसाहतीकडे निघाली होती. गाडीवान माझ्याच वयाचा. म्हटलं, “सलाम, पाटील. घेता का?”

“बसा की, मियाँभाई. वाटंत पीर हाय, तितं थांबू जरा.”

“मियाँभाई नाही. ख्रिस्ती आहे. आमच्यात सलामच म्हणतात.”

“आरं तिच्या! मग देवाला काय म्हंता, सलामच?”

“सध्या आमचं बोलणं बंद आहे.”

“भांडान?”

“भांडण.”

“मग बरं हाय राव. भांडतंय तवर माणूस घर सोडून जात न्हाई. आमची म्हातारी बगा, भांडती पन भाकरी घालती.” आणि बैलाची शेपटी पिरगाळून तो एकटाच हसला.

मोशीला इंद्रायणीकाठी जेवलो. ज्वारीची भाकरी, कोरड्यास (पातळ कालवण), मुठीनं फोडलेला कांदा. चाकणचा कांदा तिखट, पण तोंडात गोडी ठेवून जातो. पाणी त्यानं वरून ओतलं, मी ओंजळ धरली. आम्ही पूर्वीचे कोण हे त्यानं विचारलं नाही, ओळखलं. भाकरीचा मात्र मोठा तुकडा मला दिला. दोन्ही गोष्टी खऱ्या, म्हणून दोन्ही लिहितो.

भोसरीच्या पुढं नुसती शेतं, आणि मग एकदम कारखान्यांच्या नव्या भिंती. कोपरे ओळंब्यात, अगदी सरळ होते. बघून बरं वाटलं. जावई तिथंच विटा वाहतो.

वसाहतीत उतरलो तर एस्तेरच्या खोलीला कुलूप. शेजारची सिंधी म्हातारी दारात माळ ओढत बसली होती.

“बाबाजी, बैठो. एस्तेर अंदर है, मेरी बहू के पास. सुबह से.”

थोड्या वेळानं आतून बाळाचा टाहो आला. म्हातारी तिथंच जमिनीला डोकं टेकून रडू लागली. पोरगी हात पुसत बाहेर आली, मला बघून थबकली. “आबा! कधी आलात? मुलगा झाला हिच्या सुनेला.” ती मिशनच्या दवाखान्यात सुईणीचं काम शिकली होती. स्वतःची कूस रिकामी झालेली, आणि दुसऱ्याचं मूल सुखरूप काढून हसत होती. मला मान वर करवेना.

दुसऱ्या दिवशी रविवार. तिच्या पत्र्याच्या खोलीत कामगारांची चार घरं प्रार्थनेला जमली. प्रार्थना तिनंच चालवली. ‘होवो’ तर असं ठणकावून म्हणाली की पत्रा वाजावा.

मग चुलीपाशी म्हणाली, “आबा, मधेच गप झालात.”

“तू कशी म्हणतेस? मूल गेलं ते चांगलं झालं?”

भाकरी थापायची थांबली. “चांगलं कोण म्हणतंय? आणि झालं त्याला ‘होवो’ म्हणतात का, आबा? झालं त्याला ‘झालं’ म्हणतात. ‘होवो’ म्हणजे अजून व्हायचंय. मीही गप होते. मग एक बाई अडली, बोलावणं आलं. तेव्हा तोंडातून निघालं, होवो. हे तरी तुझ्या मनासारखं होवो, माझ्या हातून होवो.”

मी म्हटलं, “मी तुला न्यायला आलोय.”

“कळलं मला. पण इथं बाया दिवसांत आहेत, आबा. भाकरी करपली बघा, तुमच्या नादात.”

करपलेलीच खाल्ली. मी चौथीही शिकलो नाही. एवढा साधा शब्द, आणि मी तो मार्थाच्या मातीवर ठेवून बसलो होतो. माझं दुःख कमी झालं नाही. पण ज्या दुःखानं मी मुका झालो, त्याच दुःखात माझी लेक उभी राहायला शिकली. छाती फुगली माझी. लपवून काय करू? त्या रात्री प्रार्थना पुरी म्हटली, ‘होवो’सकट.

गावी परतलो तर एष्टीपाशीच लोकांनी गाठलं. “एकटेच आलात? पोरगी कुठंय?”

“तिथंच. तिला काम आहे.”

आमच्या देवळाची, म्हणजे चर्चची, मागची भिंत पावसात पडली आहे. उद्या थापी, ओळंबा घेऊन जाणार. कुणी बोलावलेलं नाही. पण ‘होवो’ म्हणून बसलोय, आता कुणीतरी करायला नको का?