गफूरभाईंचा कान आणि आमच्या मशिनी

गफूरभाईंच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या अंकात मी लिहावं, असं मंडळींनी सांगितलं तेव्हा मी आधी नाहीच म्हणालो. मी मंठ्यात गेट आणि ग्रिल बनवणारा माणूस. माझा हात ग्रायंडरवर चालतो तेवढा कागदावर चालत नाही. शिवाय परतूरचं त्यांचं मशीन-दुरुस्तीचं दुकान गेल्या वर्षापासून बंद आहे, आणि बंद शटरवर गौरवाचं काय लिहायचं, हा प्रश्न होताच. तरी लिहितो, कारण त्या दुकानात मूर्ख म्हणून गेलेल्यांत माझा नंबर बराच वरचा आहे.

पहिल्या भेटीत त्यांनी मला परत पाठवलं होतं. माझी ग्रायंडर मशीन बंद पडली म्हणून ती घेऊन परतूरला गेलो. गफूरभाईंनी ती उलटसुलट केली आणि काउंटरवर ठेवून दिली. पात्यावरचं लोखंडी कव्हर, ज्याला आम्ही गार्ड म्हणतो, ते मी कधीच काढून टाकलं होतं. त्याशिवाय मोठं पातं बसत नाही ना! गार्ड घरी आहे म्हटल्यावर ते शांतपणे म्हणाले, "मंग घेऊन या. बिनागार्डाची मशीन मी खोलत न्हाई."

एवढ्याशा पत्र्यासाठी मंठ्याला जाऊन परत यायचं? एसटीत बसून मी त्यांना मनातल्या मनात काय काय म्हणालो, ते या अंकात छापण्यासारखं नाही. दुसऱ्या दिवशी गार्ड नेला. त्यांनी मशीन दुरुस्त केली, गार्ड बसवला, मोठं पातं काढून बाजूला फेकलं आणि वर मलाच चहा पाजला. माझा राग चहातच विरला आणि येणंजाणं सुरू झालं.

त्यांचे नियम साधे होते, पण त्यांत सूट नसे. ड्रिलचं बिट बदलायची चावी ते वायरवर प्लगच्या अगदी जवळ बांधून देत. चावी हातात यायची तर आधी प्लग काढावाच लागे. चालू मशिनीत बोटं घालायची सोयच ठेवली नव्हती. नवं पातं लावलं की मशीन थोडा वेळ रिकामी फिरवायची, तीही बाजूला उभं राहून. गळ्यात उपरणं असेल तर ते खुंटीला. मशीन तपासताना जो कोणी दुकानात उभा असेल, त्याने डोळ्यांना चष्मा लावायचाच. एकदा लग्नाची पत्रिका द्यायला आलेल्या पाहुण्यांनाही त्यांनी आधी चष्मा दिला आणि मगच पत्रिका घेतली. पाहुणे बिचारे बराच वेळ तसेच बसून होते.

पण खरी करामत होती त्यांच्या कानाची. मशीन दुरुस्त झाली की ती चालू करून ते कानाजवळ धरत, मान तिरपी करत, डोळे मिटत. आम्हाला नुसती घरघर ऐकू येई. त्यांना मोटारीतला कार्बन घासलाय की बेअरिंग कोरडं पडलंय, ते बराबर कळे. पुढे मोबाइल आल्यावर तर आम्ही मंठ्याहून, तीर्थपुरीहून फोन लावायचो आणि तो चालू मशिनीजवळ धरायचो. पलीकडून उत्तर यायचं, "बंद करा जल्दी, बेअरिंग गेलंय."

तीर्थपुरीच्या किसनरावांची दोन बोटं दुसरीकडे काम करताना गेली, तेव्हा ते मशिनीला हात लावायलाच तयार नव्हते. गफूरभाई न बोलावता त्यांच्या घरी गेले. मशिनीची बाजूची मूठ काढून दुसऱ्या अंगाला बसवली आणि किसनरावांची पकड जमेपर्यंत दिवसभर तिथेच थांबले. किसनराव आजही काम करतात. निघताना गफूरभाईंनी एक पैसा घेतला नाही, जेवले मात्र पोटभर.

आता जे लिहायचं ते जिवावर येतं. गफूरभाईंना ऐकू येत नाही. जालन्याच्या डॉक्टरांनी सांगितलं की वर्षानुवर्षांच्या आवाजाने कानाच्या नसा गेल्या, आता त्या परत यायच्या नाहीत. ज्या कानाने आमच्या मशिनी सुधारल्या, तो मशिनींनीच खाल्ला. फोन आता त्यांच्या सूनबाई शबाना घेतात. इतका बोलका माणूस, पण लोक दोन शब्द मोठ्याने बोलतात आणि निघून जातात. मला फार वाईट वाटतं. डोळे, बोटं, गळा, सगळ्यांची काळजी त्या दुकानात घेतली गेली. चालू मशीन कानाला लावलेला माणूस आम्ही रोज बघत होतो, आणि कौतुक करत होतो.

दुकान बंद झालं ते यापायीच. त्यांच्या हातून गेलेल्या एका मशिनीचं बेअरिंग खराब राहिलं होतं. ते किंचाळत होतं म्हणे. समोरच्या पानटपरीवर ऐकू आलं, गफूरभाईंना आलं नाही. गिऱ्हाइकाच्या हातात पातं फुटलं. गार्ड होता म्हणून तुकडे त्यातच अडकले आणि माणूस वाचला. त्याच संध्याकाळी त्यांनी शटर ओढलं. मी समजूत घालायला गेलो तर म्हणाले, "दुसऱ्याचा हात आता माझ्या भरोशावर ठेवणार न्हाई, दत्ताराव."

या लेखासाठी परवा पुन्हा गेलो, मुद्दाम मशीन घेऊनच. कान नाही तर नाही, तळव्याला तरी कळेल, दुकान परत उघडेल, अशी वेडी आशा होती. अंगणात मशीन चालू केली. गफूरभाईंनी तिच्यावर तळवा ठेवला, डोळे मिटले, मान तिरपी केली. बराच वेळ तसेच उभे राहिले. मग हात काढून घेतला आणि नाही म्हणून मान हलवली.

मी बटण बंद करणार, तेवढ्यात ते जवळ आले. माझ्या डोळ्यांवर चष्मा होता, मशिनीला गार्ड होता, सगळं त्यांनी शिकवल्याप्रमाणे होतं. त्यांनी आपले दोन्ही तळवे माझ्या कानांवर दाबून धरले. मशीन बंद होऊन पातं थांबेपर्यंत ते हात तसेच होते. मग म्हणाले, "एवढं शिकवायचं राहून गेल्तं."

गफूरभाईंना भरपूर आयुष्य लाभो, तब्येत धडधाकट राहो आणि त्यांच्या अंगणातली माणसांची ये-जा कधी थांबू नये. संपादकांना एकच विनंती आहे. समारंभात हा लेख वाचून दाखवायचं ठरलंय, ते रद्द करा आणि तो ठळक अक्षरात छापा. मी अंक घेऊन त्यांच्याकडे जाईन आणि त्यांचं वाचून होईपर्यंत शेजारी बसेन. मशीन चालवताना आवाज अडवायला कानात घालायची दोन बोंडंही मी माझ्यासाठी आणलीत, ती तेव्हा त्यांना दाखवणार आहे.