शहापूरच्या नालीमागून बोडीपर्यंत

ऑफिसातली मैत्रीण वंदना दरवर्षी तिच्या माहेरी, शहापूरला बोलवायची. या सप्टेंबरात एकदाची गेले. नागपूरहून भंडाऱ्याकडे जाणारी एसटी महामार्गावरच सोडते, तिकीटही फार नाही. उतरून टपरीवर तर्री-पोहे खाल्ले आणि चालत वंदनाच्या घरी पोचले.

दुपारी आभाळ भरून आलं होतं. वंदनाचा भाऊ प्रफुल्ल दारासमोर ट्रॅक्टरचं ऑइल बदलत होता. जुनं ऑइल त्यानं नेहमीसारखं नालीत ओतलं. थोड्याच वेळात जोराची सर आली आणि नाली वाहू लागली.

समोरच्या शेवंताबाई हे पाहत होत्या. गावामागच्या बोडीत, म्हणजे लहान तळ्यात, त्यांनी शिंगाड्याचे वेल लावले होते. घर त्यावरच चालायचं. छत्री घेऊन त्या आल्या, पण भांडल्या नाहीत.

"हे पाणी कुठं जाते, माहीत हाय का तुले?"

"जात असन कुठं तरी, काकू."

"चाल, पाहून येऊ."

वंदना आणि मीही मागोमाग निघालो. नाली दोन गल्ल्या ओलांडून थेट बोडीत उतरत होती. वाटेत ना जाळी, ना टाकी. साबणाचं पाणी, शेण, पुड्यांचं प्लास्टिक, सगळं त्याच तोंडातून आत जात होतं. ऑइलचा रंगीत तवंग काठच्या वेलांपर्यंत पोचला होता.

प्रफुल्ल घराकडे धावला. पोत्यांत तणस, म्हणजे धानाचा पेंढा, भरून आणला आणि नालीच्या तोंडाशी रचला. दोन शेजारी आणखी पोती घेऊन आले. आम्हीही भिजत पेंढा दाबत राहिलो. बरंचसं ऑइल त्यात अडलं. काठचे वेल मात्र सुकून गेले, असं वंदनानं नंतर कळवलं. बाकीचे तगले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तांदळाची भाकर आणि वांग्याची भाजी खाऊन निघाले, तेव्हा प्रफुल्ल जुन्या ऑइलसाठी झाकणाचा डबा धुऊन ठेवत होता. भरला की मेकॅनिककडे देणार होता. ट्रॅक्टरही आता पडीक जागेत, मातीवर धुईन म्हणाला.

नागपूरला परतल्यावर इमारतीत विचारलं, आपल्या नालीचं पाणी कुठे जातं? कुणालाच माहीत नव्हतं. मग मोबाइलवर नकाशा उघडला. आमचा नाला नागनदीला मिळतो, ती कन्हानला आणि कन्हान भंडारा जिल्ह्यात वैनगंगेला.

रविवारी खालच्या मजल्यावरचे काका फेस करून गाडी धूत होते. मी त्यांना मागच्या मातीच्या जागेत, बादलीनं धुवायला सुचवलं.

"काहून?" त्यांनी विचारलं.

"हे पाणी भंडाऱ्याले जाऊन राहिलं, काका."

त्यांनी नळ बंद केला.