तटाला बोट लावणारा

आभाळ आलं की तो हमखास येतो. उन्हात सावल्या पडतात आणि त्याच्या फोटोंना सावली चालत नाही. आमचं घर किल्ल्याच्या तटाला टेकून आहे. त्या तटाचे शेकडो फोटो जोडून तो कॉम्प्युटरवर हुबेहूब किल्ला उभा करतोय. फोटो काढण्याआधी दगडावर बोट दाबून बघतो, गिऱ्हाईक पापलेट दाबून बघतं तसं. बोलणं मात्र लोण्यासारखं. "वहिनी, जरा बोंबील बाजूला घेता? जरा कपड्यांची दोरी सोडता?" त्याचं सगळं 'जरा'च असतं.

एकदा त्याने लॅपटॉपवर किल्ला फिरवून दाखवला. शेवाळ, पिंपळाचं मूळ, सगळं जिथल्या तिथे होतं. फक्त आमचं घर नव्हतं. तिथे सलग तट होता.

"आमच्या चुलीमागची भिंत तुम्ही कधी बघितलीत?"

"अंदाजाने भरली," तो हसला. "घर जरा काढलंय. कॉम्प्युटरमधूनच हो!"

काल आभाळ आलं, पण त्याने कॅमेरा बाहेर काढलाच नाही. आमच्या पडवीला टेप लावून उभा होता.

"हे काय मापताय?"

"काही नाही वहिनी, जरा..." म्हणाला, आणि आमच्या भिंतीवर बोट दाबून बघितलं.