रिमोट कोणाच्या हातात

आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या वर्कशॉपची मी इनचार्ज आहे. कॉलेज गुरुग्रामच्या पुढे, घर दिल्लीत आर. के. पुरममध्ये, आणि मधला मेट्रोचा वेळ याद्या करण्यात जातो. ड्रिल कोणी नेली, बॅटरी कधी चार्ज झाली, चष्मा न लावता ग्राइंडर कोणी चालवला, सगळं माझ्या वहीत असतं. मुलं हसतात. हसू देत. वस्तू सापडेनाशी झाली की माझ्याकडेच येतात.

त्या वर्षी मुलांची एक टीम अंतराळ इंजिनिअरिंगच्या स्पर्धेसाठी मंगळावर चालेल अशी गाडी बनवत होती. सहा चाकं, वर कॅमेरा, पोटात कॉम्प्युटर. सगळ्यात अवघड काम असं, की गाडीने खडबडीत मैदानातले तीन खांब स्वतःच शोधायचे. खांबावर काळ्या-पांढऱ्या चौकोनांचा एक छापील कागद असे. मुलं त्याला मार्कर म्हणत. कॅमेऱ्याला मार्कर दिसला की गाडी तिकडे वळायची, जवळ जाऊन थांबायची आणि तिच्यावरचा हिरवा दिवा लागायचा. माणसाने हात लावायचा नाही, रिमोट वापरायचा नाही. या चालण्याचा व्हिडिओ पाठवायचा होता, सोबत टीमची नावं, आणि एक प्रतिज्ञापत्र: गाडी कोणाच्याही मदतीशिवाय चालली. त्याखाली साक्षीदार म्हणून सही माझी.

सही माझी म्हटल्यावर मी नीट बघायला लागले. गाडी काही दिवशी फारच चांगली चालायची. नाकासमोर खांबाकडे जायची, हातभर अंतरावर थांबायची. आणि काही दिवशी त्याच खांबाभोवती नुसती घुटमळत राहायची. टीमचा कॅप्टन, दिल्लीचाच मुलगा, खांदे उडवून म्हणायचा, “मॅम, मूड है उसका.” मशीनला मूड असतो यावर माझा विश्वास नाही. मूड माणसांना असतो आणि हातही माणसांनाच असतात.

मी नवीन पान उघडलं. तारीख, हवा, बॅटरी, मैदानात कोण कोण, गाडी पोहोचली की नाही. दोन आठवड्यांनी ते पान वाचलं आणि एका मुलीपाशी थांबले. ती खांबाजवळ असली की गाडी पोहोचायची. नसली की नाही. दोनदा ती नसतानाही जमलं होतं. त्या दोन्ही सकाळी धुकं होतं, अशी नोंदही मी केली होती. पण दोनच वेळा, म्हणून तिकडे लक्ष दिलं नाही.

ही मुलगी तिसऱ्या वर्षाची. वडील फौजेत, मूळ साताऱ्याकडचे, त्यामुळे तिचं बालपण एका छावणीतून दुसऱ्या छावणीत गेलेलं. मराठी बोलायची, पण मध्येच शब्द संपायचे आणि हिंदी यायची. माझ्या डब्यातलं थालीपीठ हक्काने उचलायची आणि मला काकू म्हणायची. टीममधली ती एकटी मुलगी. गाडीला रस्ता शोधायला लावणारा प्रोग्रॅम बराचसा तिचाच.

सरावाच्या वेळी बाकीची मुलं लांब झाडाखाली बसत. ही मात्र खांबाशेजारी स्टूल टाकून, मांडीवर लॅपटॉप उघडून बसायची. बोटं सतत कीबोर्डवर.

“काय टाइप करतेस गं?” मी एकदा विचारलं.

“लॉग बघते काकू. गाडी काय विचार करतेय ते इथे दिसतं. इथून वायफाय चांगलं येतं.”

“मग बंद करून बघू एकदा.”

“आत्ता नको ना प्लीज. बंद केला तर रेकॉर्डिंग जाईल, सगळं पुन्हा करावं लागेल.”

मला ते उत्तर फार तयार वाटलं. मी वहीत लिहिलं: लॅपटॉप बंद करण्यास नकार. आता वाचते तेव्हा तो शब्द टोचतो. तिने नकार दिला नव्हता, थांबायला सांगितलं होतं.

ती लॅपटॉपवरूनच गाडी चालवतेय असा संशय घेऊन मी ते पान प्रोफेसर सरांकडे नेलं. टीमचे मार्गदर्शक तेच. त्यांनी रकाने बघितले, चष्मा काढला. “ती मुलगी असं करेल?” “सर, मी कोण काय करेल ते लिहीत नाही. काय झालं ते लिहिते.” हे वाक्य मी मोठ्या ऐटीत बोलले होते.

सरांनी निर्णय घेतला. व्हिडिओच्या दिवशी तिने मैदानात यायचं नाही. लॅपटॉप तपासणीसाठी माझ्या कपाटात राहील. आणि तोवर टीमच्या यादीत तिचं नाव नाही. यादी त्याच संध्याकाळी पाच वाजता बंद होणार होती. त्यानंतर स्पर्धेला कोण जाणार ते बदलता येणार नव्हतं. म्हणजे वर्षभराचं तिचं काम त्या एका दिवसावर टांगलं गेलं.

ती लॅपटॉप द्यायला आली तेव्हा मी नेहमीप्रमाणे वही काढली.

“चार्जर पण लिहा, मॅडम,” ती म्हणाली. “नाहीतर उद्या म्हणाल, त्यात रिमोट होता.”

काकू नाही, मॅडम. मी चार्जर लिहिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी लख्ख ऊन होतं. गाडी सोडली. खांबापासून दहा पावलांवर आली, डावीकडे वळली, उजवीकडे वळली, गोल फिरली. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा एका दगडावर चढून बसली. मला, खरं सांगते, बरं वाटलं. माझं पान बरोबर निघालं होतं.

“आता तिचा लॅपटॉप तपासा,” मी कॅप्टनला म्हटलं. “काय लपवलंय ते दिसेल.” मी स्वतः जाऊन कपाट उघडलं, बंद लॅपटॉप छातीशी धरला आणि मैदान ओलांडू लागले. गाडी नुकतीच दगडावरून उतरवून चौथ्यांदा सुरू केली होती.

समोरून मोटरचा आवाज आला म्हणून मान वर केली. गाडी खांबाकडे पाठ करून माझ्याकडे येत होती. मी बाजूला सरकले. तीही सरकली. मी दोन पावलं मागे गेले. ती पुढे आली. माझ्या चपलांसमोर थांबली आणि हिरवा दिवा लागला.

कॅप्टन म्हणाला, “मॅम, रिमोट आपके पास था? बताया नहीं आपने!”

सगळे खो खो हसले. मी लॅपटॉप उलटा करून बघितला. मुलं आपापल्या लॅपटॉपच्या पाठीवर स्टिकर लावतात. रॉकेट, कार्टून, काहीबाही. हिच्या लॅपटॉपवर उरलेल्या छपाईतला एक मार्कर चिकटवलेला होता. सरावाच्या सगळ्या खांबांवर असायचा तोच. ती खांबाशेजारी बसून लॅपटॉप उघडायची, तेव्हा त्याची पाठ गाडीकडे असायची. गाडी खांबाकडे नाही, तिच्या स्टिकरकडे जात होती. हे तिलाही माहीत नव्हतं.

मग खांबावरचा मार्कर गाडीला का दिसत नव्हता? कॅप्टन खांबासमोर उकिडवा बसला, गाडीच्या कॅमेऱ्याच्या उंचीवर डोळे नेले आणि चटकन मिटले. “मॅम, शीशे जैसा चमक रहा है.”

खांबावरचे कागद धुळीने खराब होतात, म्हणून मी ते सगळे लॅमिनेट करून घेतले होते. कोणी सांगितलं नव्हतं. माझ्या यादीतलं काम होतं ते, आणि त्याच्यापुढे मी टिकही केली होती. उन्हात त्या प्लॅस्टिकवर चकाकी यायची आणि कॅमेऱ्याला चौकोन दिसायचे नाहीत. तिच्या स्टिकरवर प्लॅस्टिक नव्हतं. धुक्यात चकाकी नसायची. त्या दोन सकाळी म्हणूनच जमलं होतं. उत्तर माझ्याच पानावर होतं, हवेच्या रकान्यात. मी माणसांचा रकाना वाचत बसले होते.

सव्वातीन वाजले होते. मुलं साधे कागद छापायला धावली. मी तिला फोन केला. उचलला नाही. पुन्हा केला, तेच. शेवटी हॉस्टेलच्या कँटीनमध्ये सापडली, समोर चहा, वर साय धरलेली.

मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. स्टिकर, लॅमिनेशन, माझ्याकडे आलेली गाडी. ती हसली नाही.

“चल आता, नाव घालायचंय. पाच वाजता बंद होतं.”

“सरांना माझ्याबद्दल तुम्ही लिहून दिलं होतं ना?”

“हो.”

“मग आता तोंडी कसं चालेल? हेही लिहून द्या. आणि टीमसमोर वाचा. ते सगळे मला... काय म्हणतात मराठीत... चोर समझ रहे थे. दोन दिवस कोणी बोललं नाही माझ्याशी.”

मी तिथेच वहीचं पान फाडून लिहिलं. आयुष्यात वहीचं पान मी फाडत नाही. मैदानात जाऊन सरांसमोर, मुलांसमोर वाचलं. एवढं सोपं लिहिलेलंही मोठ्याने वाचायला अवघड गेलं. कॅप्टन जमिनीकडे बघत तिला “सॉरी यार” म्हणाला. ती “ठीक आहे” एवढंच म्हणाली आणि लॅपटॉपवरचा स्टिकर नखाने खरवडून काढला.

साध्या कागदांवर गाडी पहिल्या खेपेला तिसरा खांब चुकली, दुसऱ्या खेपेला तिन्ही सापडले. ती या वेळी गेटपाशी उभी होती, सगळ्यांपासून लांब. व्हिडिओ झाला. मी प्रतिज्ञापत्रावर सही केली.

पाच वाजायला वीस मिनिटं असताना मी ऑफिसच्या कॉम्प्युटरवर फॉर्म उघडून तिचं नाव भरलं आणि सबमिटवर बोट नेलं.

“थांबा,” ती म्हणाली. “मी बघते.”

मी खुर्ची सोडली. तिने आपलं नाव एकेक अक्षर तपासलं. रोल नंबर खिशातल्या कार्डाशी ताडून पाहिला. मग वर जाऊन बाकीच्यांची नावं वाचली, खाली येऊन प्रतिज्ञापत्र वाचलं, माझी सही मोठी करून बघितली. सर दारातून म्हणाले, “बेटा, वेळ चाललाय.” तिने मान वर केली नाही. पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात केली.

मग बटण स्वतः दाबलं, आणि फॉर्म पोहोचल्याची पावती आली तसा त्या पावतीचा मोबाइलवर फोटो काढला.

“प्रिंट देते ना मी,” मी म्हटलं. “फाइलला लावते.”

“लावा, मॅडम. पण एक कॉपी माझ्याकडे असू दे.”