डाव्या हाताची कांडी

सोलापुरात साखर पेठेच्या मागच्या अंगाला एक गल्ली आहे. पूर्वी तिथं दिवसभर मागांचा असा खडखडाट चालायचा की शेजारणीकडं मीठ मागायचं तरी हातानं खुणा कराव्या लागायच्या. आता निम्मे माग भंगारात गेले आणि गल्लीत कावळा ओरडला तरी लोक मान वर करून बघतात. या गल्लीच्या तोंडाशी रामहरीचं दुकान. मागाची मोटार जळाली की आतली तांब्याची तार काढायची आणि नवी गुंडाळून द्यायची, हे त्याचं काम. मागच गेले, तर मोटारी कुठल्या जळणार?

तरी रामहरी सकाळी फळी उघडायचा, उदबत्ती लावायचा आणि एक जुनी मोटार चालू करून ठेवायचा. तिचा मालक कधीच न्यायला आला नव्हता. मोटार काही काम करत नव्हती, नुसती फिरायची. पण ती बंद केली की दुकानात इतकं शांत व्हायचं की आपलाच श्वास दुसऱ्याचा वाटायचा. दूधवाल्याला "अर्धा" म्हटलं की त्याचं दिवसाचं बोलणं संपायचं. पुण्याची लेक, पूनम, दर रविवारी फोन करायची. "बाबा, जेवलात का?" "जेवलो." हे तो जेवला असला तरी सांगायचा, नसला तरी सांगायचा. लेकीला बरं वाटायचं, विषय संपायचा.

बायको सोनाबाई जाऊन चार वर्षं झाली होती. तिची लुगडी पूनमनं वाटून टाकली, भांडी भाचीला दिली. चांगलंच केलं म्हणा. ठेवून तरी काय करायचं? पण सगळं आवरून झाल्यावर रामहरीच्या ध्यानात आलं की तिच्या हाताची म्हणावी अशी एक वस्तू घरात उरली नाही. शेंगाच्या चटणीची बरणी होती. तीही एक दिवस खरवडून संपली.

अशा एका दुपारी दुकानापुढं रिक्षा थांबली. तिशी-पस्तिशीची एक बाई उतरली, हातात चादरीत गुंडाळलेलं काहीतरी लांबडं.

"काका, मोटारवाले रामहरी तुम्हीच ना?"

"मोटारवाला मीच. रामहरी हाय का न्हाय, ते आता कोण इचारतंय?"

बाई हसली. चादर सोडली तर आत गिटार. विजेवरची, लाल रंगाची, कडेचा रंग उडून लाकूड दिसत होतं. रामहरीनं चष्मा वर केला, खाली केला. त्याला गिटार ओळखायला चष्मा लागला नाही, पण हाताला काहीतरी करायला हवं होतं.

"मी महेश्वरी. बसवेश मास्तरांची मुलगी. अप्पा ऑर्केस्ट्रात वाजवायचे."

"म्हाईत हाय की. मास्तर कसं हायत?"

"गेले. मागच्या श्रावणात."

रामहरीनं हात पुढं करून मोटार बंद केली. दुसरं काय करणार? 

मग महेश्वरीनं आपलं काम सांगितलं. तिच्याकडं एक कॅसेट होती. गड्ड्याच्या जत्रेत अप्पांनी वाजवलेलं कुणीतरी भरून ठेवलेलं. ती कॅसेट ऐकून ऐकून तिला तो आवाज पाठ झाला होता. पण अप्पांच्या माघारी तिनं गिटारला नव्या तारा घातल्या, वाजवणारा एक माणूस घरी बोलावला, आणि आवाज काही तो येईना. गिटार तीच, पण बोलणारं दुसरंच कुणी.

"काका, कुणीतरी आतले ओरिजनल पिकअप काढून घेतलेत. मी फोनवर सगळं बघितलंय. जुन्या गिटारींचं असंच करतात म्हणे."

पिकअप म्हणजे गिटारच्या तारांखाली बसवलेल्या काळ्या पट्ट्या. आत लोहचुंबक, त्याभोवती केसाहून बारीक तारेचे हजारो वेढे. वरची तार हलली की आवाज तिथून उचलला जातो. गिटारचा गळाच म्हणा की. या गिटारला असे दोन गळे होते, एक पुढं, एक मागं. खटका इकडं केला की एक बोलायचा, तिकडं केला की दुसरा, आणि मधोमध ठेवला की दोन्ही एकदम.

"तुम्ही फक्त एवढं सांगा," महेश्वरी म्हणाली, "कुठला ओरिजनल आणि कुठला डुप्लिकेट. डुप्लिकेट असेल तो काढून टाकू. मुंबईला एकाकडं याच गिटारचा जुना पिकअप आहे, तो मागवते मी."

"काढलेला काय करशील?"

"टाकूनच द्यायचा. तुम्हाला तांबं म्हणून ठेवायचा तर ठेवा की."

रामहरीनं तारा ढिल्या केल्या, बारके स्क्रू सोडले, वरची फळी उचलली. दोन्ही पिकअप उलटे करून टेबलावर ठेवले. पुढचा होता तसा, कंपनीच्या काळ्या पट्टीत गुंडाळलेला. आणि मागचा? मागच्यावर पट्टी नव्हतीच. निळ्या सुताचे वेढे होते, चादरीत घालतात त्या सुताचे, आणि शेवटी एक बारीक, चपटी गाठ.

त्याला वाटलं होतं तसंच होतं. 

महेश्वरी वाकून बघत होती. "हे सूत कसलं? कंपनीत सूत कशाला गुंडाळतील? हाच डुप्लिकेट, काका. बरोबर ना?"

आता बघा, माणूस किती साधा असतो. रामहरीला नुसतं "व्हय" म्हणायचं होतं. एक शब्द. ती पोर आपण होऊन म्हणाली असती, ठेवा तुमच्याकडं. सोनाबाईच्या हाताची वस्तू त्याच्या खिशात आली असती आणि कुणाचं काही गेलंही नसतं. दिवसाला एकच शब्द बोलणाऱ्या माणसाला हा काही जड नव्हता.

"जरा थांब," तो म्हणाला. "च्या घेऊ."

चहा येईपर्यंत तो त्या निळ्या गाठीकडं बघत राहिला.

फार जुनी गोष्ट. पूनम तेव्हा पाळण्यात होती. रामहरी आईच्या आजारपणासाठी करमाळ्याला गेला होता आणि इकडं बसवेश मास्तर गिटार घेऊन दारात. मागचा पिकअप मुका झालेला, दुसऱ्या दिवशी कार्यक्रम. सोनाबाई माढ्याकडच्या शेतकऱ्याची लेक. सोलापुरात आल्यावर शेजारच्या पद्मशाली विणकर बायकांकडून ती कांड्या भरायला शिकली होती. मागावर इकडून तिकडं धावणाऱ्या धोट्यात सुताची जी बारकी नळी बसते ती कांडी. चरख्यावर ती भरायची हे गल्लीतल्या बायकांचं काम. मास्तरनं आतली तार दाखवली तर ती म्हणाली, "कांडीच की ही. फकस्त सूत तांब्याचं हाय."

दुकानात तार गुंडाळायचं हाताचं यंत्र होतं. रामहरी त्याच्या अलीकडं बसायचा. सोनाबाई डावखुरी. तिला अलीकडून दांडा फिरवता येईना. मग ती सरळ पलीकडं जाऊन बसली आणि जुन्या रेडिओतली बारीक तार डाव्या हातानं भरत गेली. काळी पट्टी संपलेली, म्हणून वरून चादरीचं सूत आणि शेवटी विणकरी गाठ. काम झालं. पण पलीकडून फिरवल्यामुळं वेढे पडले उलटे.

एकेक पिकअप लावला तर काही कळत नव्हतं. दोन्ही एकदम लावले की एक पुढं ढकलायचा, दुसरा मागं ओढायचा, आणि आवाज बारीक, पोकळ यायचा. मास्तर तोंड पाडून आला.

"वहिनी, हा नाकात बोलतोय."

"मंग सर्दीचं गाणं वाजवा की!"

मास्तर तणतणत गेला आणि आठवड्यानं पेढे घेऊन आला. दुःखाच्या गाण्यांना तो आवाज असा बसला होता की लोक पुन्हा पुन्हा वाजवायला लावत होते. रडून झाल्यावर माणूस हळू बोलतो, तसा आवाज. पुढं कितीतरी वर्षं, मांडवाच्या बाहेरून जाणाऱ्यालाही कळायचं, मास्तर आलेत.

रामहरीला मात्र ते डाचत राहिलं. चहाच्या गाड्यावर दुसरे कारागीर चिडवायचे, "काय रामहरी, तुझ्या दुकानात तार उलटी फिरती म्हणं! घरचा कारभारबी तसाच का?" तो हसण्यावारी न्यायचा, पण चहा अर्धाच टाकून उठायचा. आणि ऑर्केस्ट्रा बंद पडल्यावर मास्तरनं एकदा खटका ढिला झाला म्हणून गिटार आणून ठेवली, तेव्हा त्यानं खटका बसवता बसवता मागच्या पिकअपच्या दोन तारांची टोकं अदलाबदल करून टाकली. एवढंच. वेढे तेच, सूत तेच, पण आवाज सरळ झाला. भरदार, गोल, पुस्तकात सांगतात तसा. मास्तर घेऊन गेला. गिटार भिंतीला लागली ती लागलीच.

त्या दिवशी रामहरीनं तारा छेडून बघितल्या तेव्हा सोनाबाई आत भाकरी थापत होती. तिनं ऐकलं.

"केलं का सरळ?"

"केलं."

"बरं." भाकरी उलटली. "आता कुणाचाबी वाटतोय."

तेव्हा रामहरी म्हणाला होता, तुला काय कळतंय त्यातलं.

चहा आला. महेश्वरीनं कप हातात घेतला. "सांगा ना काका. डुप्लिकेट ना?"

"न्हाय," रामहरी म्हणाला. शब्द बाहेर पडला आणि आता पुढचे काढावेच लागणार म्हणून त्यानं घोटभर चहा घेतला. "म्हंजी कंपनीचा पुढचा. मागचा कंपनीचा न्हाय. पर तुज्या कॅशेटीत जो आवाज हाय, तो ह्याचाच हाय. मुंबईवाला आणलास तर तो आवाज कायमचा गेला म्हणून समज."

"मग आत्ता का येत नाही?"

"मी सरळ केला म्हणून."

महेश्वरीला काही समजेना. मग त्यानं सगळं सांगितलं. करमाळा, कांडी, पलीकडची बाजू, पेढे, चहाचा गाडा. इतकं तो चार वर्षांत बोलला नव्हता. 

"लोक हसले म्हणून सरळ केलंत?"

"व्हय."

"आणि काकू काय म्हणाल्या?"

"ती म्हणाली, बरं." भाकरी उलटताना ती पुढं जे म्हणाली, ते त्यानं सांगितलं नाही.

त्यानं तारा डागायचं लोखंडी हत्यार तापवलं. निळ्या गाठीला त्यानं हात लावला नाही. तिच्याखालून बाहेर निघालेल्या तारेच्या दोन टोकांपैकी हे तिथं लावलं, ते इथं लावलं. काम इतकं थोडं होतं की महेश्वरीचा चहासुद्धा गार झाला नाही. फळी बसवली, तारा ताणल्या, दुकानातल्या जुन्या स्पीकरच्या डब्याला वायर जोडली आणि खटका मधोमध ठेवला.

"वाजीव."

"मला कुठं येतंय? अप्पांनी एकच ओळ शिकवली होती, लहानपणी."

"मंग तीच."

महेश्वरीनं अडखळत बोटं ठेवली. पहिला सूर चुकला. दुसरा बारीक, पोकळ, नाकातला असा निघाला आणि तिचा हात जागच्या जागी थांबला. मग तिनं ती ओळ पुरी केली. परत केली. तिसऱ्यांदा तिला बोटं दिसेनात, म्हणून ओढणीनं डोळे पुसले.

"अप्पा," ती म्हणाली. मग नाक ओढून हसली. "नाकातच बोलतायत की खरंच."

रामहरी भिंतीकडं तोंड करून ते हत्यार पुसत बसला होता. ते केव्हाच स्वच्छ झालं होतं.

जाताना ती पैशाचं विचारू लागली. त्यानं मान हलवली. गिटार चादरीत गुंडाळताना मात्र त्याचा हात मागच्या पिकअपवर जरा जास्तच रेंगाळला. महेश्वरीच्या ते ध्यानात आलं असावं.

"काका, तुमच्याकडं राहू दे का थोडे दिवस?"

मन म्हणालं, राहू दे. तोंड म्हणालं, "हितं कोण वाजवणार? मोटार वाजवती का? ने तू. आन् एक ध्यानात ठेव, कुणी शाणा कारागीर म्हणला की उलटं हाय, सरळ करतो, तर त्याला हात लावू देऊ नको."

"कुणी विचारलं तर काय सांगू?"

"सांग, ओरिजनल हाय."

रिक्षा वळून गेली. गल्ली पुन्हा होती तशी झाली. रामहरीनं मोटार चालू करायला हात नेला आणि परत घेतला. कानात ती ओळ होती. मोटारीच्या घरघरीत ती पुसली गेली असती.

यंत्र टेबलावर तसंच होतं. तो उठला, गुडघ्यावर हात ठेवत वळसा घालून पलीकडं गेला, आणि आजवर ज्या बाजूला कधी बसला नव्हता त्या बाजूला बसला. डाव्या हातानं दांडा धरून बघितला. जमेना. बोटं कुठं ठेवावीत तेच कळेना. तार घातली, फिरवली, तुटली. पुन्हा जोडली, पुन्हा तुटली. "कसं करत व्हतीस गं?" तो मोठ्यानं म्हणाला.

मग त्यानं मान वर केली. त्या बाजूनं रस्ता दिसत नव्हता, गिऱ्हाईक दिसत नव्हतं. समोर फक्त त्याचं स्वतःचं स्टूल दिसत होतं, बसून बसून मधोमध दबलेलं. इथं बसून सोनाबाईनं ते काम केलं तेव्हा तिच्या पुढ्यात एवढंच होतं. तो करमाळ्याला गेला होता आणि तिनं त्या रिकाम्या स्टुलाकडं बघतच कांडी भरली असणार.

रामहरी तुटलेलं टोक बोटात धरून त्या स्टुलाकडं बघत राहिला. बाहेर ऊन उतरलं. मग त्यानं तार पुन्हा जोडली आणि डाव्या हातानं, अगदी हळू, दांडा फिरवला.