साडूंचा सूर्य आणि लेकीचं वादळ

माझ्या थोरल्या साडूंइतका सूर्यावर पाळत ठेवणारा माणूस अख्ख्या सोलापुरात नसेल. इथं लोक उन्हाळ्यात सूर्याचं नावही काढत नाहीत. हे भर बाराला गच्चीवर दुर्बीण लावून त्याचं बिंब पांढऱ्या चादरीवर पाडायचे आणि त्यातले काळे डाग न्याहाळत बसायचे. चादर नसली तरी अडायचं नाही. एका लग्नात त्यांनी वरपित्याच्या शुभ्र सदऱ्यावर, पाठीमागून, बिंब पाडलं आणि म्हणाले, "हलू नका पावणं, तुमच्यावर लई मोठा डाग हाय." त्या भल्या माणसानं मांडवातच सदरा उतरवला. आम्ही थिजलो, साडू मात्र आता बघायचं कशावर म्हणून हळहळले.

हे सगळं लेकीपायी. ती फ्लोरिडात, समुद्रकाठी राहते. सूर्यावर डाग वाढले की वरची हवा तापते आणि तिकडची चक्रीवादळं कमी होत असावीत, असं काही अभ्यासकांचं मत त्यांनी कुठंतरी वाचलं होतं. त्यातलं 'असावीत' तेवढं त्यांनी सोडून दिलं. डाग बघून झाले की लेकीला फोन. तिकडं तेव्हा मध्यरात्र उलटलेली असायची. तिला गाढ झोपेतून उठवून साडू सांगत, "डाग भरपूर हायत. निवांत झोप."

मागे एका पावसाळ्यात डागांची नुसती गर्दी होती, आणि नेमकी तेव्हाच लेक म्हणाली, "अप्पा, मोठं वादळ येतंय. घर सोडायला सांगितलंय."

"मी डाग बघितलेत की. कुटं जाऊ नको."

त्यानंतर तिचा फोन लागेना. टीव्हीवर माडाची झाडं मुळासकट उडत होती. साडू जेवेनात, सारखे तिचा नंबर फिरवत राहिले.

शेवटी तिचाच फोन आला. "अप्पा, घराचं छप्पर गेलं. आम्ही आधीच निघालो होतो, मैत्रिणीकडं आहोत."

साडूंनी विचारलं, "माझं ऐकलं असतंस तर?"

"तुमचं मी कधी ऐकलंय, अप्पा?"

ते हसायला लागले, आणि हसता हसता रडले. त्यांची बायको, म्हणजे माझी मेहुणी, गेली तेव्हाही मी त्यांना असं रडताना पाहिलं नव्हतं.

पुढं ते लेकीकडं गेले. त्यांच्या घराची किल्ली आमच्याकडं असते. बायको अधूनमधून जाऊन खिडक्या उघडून येते. परवा आल्यावर म्हणाली, "दाजी तिकडंच रमले वाटतं."

भर बाराची वेळ होती, तिकडं मध्यरात्र उलटलेली; तरी मी त्यांना फोन लावला.